उसन्या गळ्याचं पहिलं यश

2002 साली अमेरिकेतल्या रेडिओवर एक नवी गायिका एकदम गाजू लागली. ट्रुथ हर्ट्स हे तिने घेतलेलं नाव. आधी ती एका जोडगोळीत गायली होती, पण स्वतःच्या नावावरचं हे पहिलंच गाणं, ‘अ‍ॅडिक्टिव्ह’. सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी गायनशैलीच्या वळणाचा भरदार गळा, सोबतीला रकीमसारखा मुरलेला रॅपर आणि पाठीशी डॉ. ड्रे यांची आफ्टरमाथ कंपनी. बिलबोर्डच्या हॉट 100 यादीत गाणं नवव्या क्रमांकापर्यंत चढलं. अमेरिकेत दरवर्षी किती गायक-गायिका पहिलं गाणं घेऊन येतात आणि किती जणांचं नाव दुसऱ्या महिन्यात कोणाला आठवतं, हे पाहिलं तर या यशाचं मोल कळेल.

पण त्या गाण्यात कानाला घट्ट चिकटतो तो आवाज ट्रुथ हर्ट्सचा नाही. तो लता मंगेशकरांचा आहे. 1981 च्या ‘ज्योती’ या हिंदी चित्रपटात बप्पी लाहिरींनी संगीत दिलेलं ‘थोड़ा रेशम लगता है’ हे गाणं लताबाईंनी गायलं होतं. आपल्याकडेही ते तोवर बहुतेकांच्या विस्मरणात गेलेलं. निर्माता डीजे क्विक याने एकदा टीव्हीवर लागलेलं ते गाणं ऐकलं, टेप करून घेतलं आणि त्यातला तुकडा उचलून नव्या तालावर फिरवत ठेवला. त्याला हिंदी येत नव्हतं, लता मंगेशकर कोण हेही बहुधा ठाऊक नसावं. त्याच्या कानाला मात्र दाद द्यायला हवी. आपण वीस वर्षं ज्या गाण्याकडे ढुंकून पाहिलं नाही, त्यात काय दडलंय हे त्याला एका ऐकण्यात कळलं.

पुढे व्हायचं तेच झालं. सारेगामा कंपनीने आणि बप्पी लाहिरींनी अमेरिकेत दावे ठोकले. सारेगामाने मागितलेली भरपाई 50 कोटी डॉलरची होती. लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने आदेश दिला की लाहिरींचं नाव छापल्याशिवाय ही सीडी विकायची नाही. आपल्या वर्तमानपत्रांनी ‘बप्पीदांचा विजय’ म्हणून बातम्या दिल्या, आणि तो विजय होताच. प्रश्न एवढाच उरतो की हा सगळा वाद कोणाकोणात झाला? इथली ध्वनिमुद्रण कंपनी, तिथली ध्वनिमुद्रण कंपनी आणि संगीतकार. ज्या गळ्यावर गाणं उभं होतं तो गळा या वादात पक्षकारसुद्धा नव्हता. लताबाई त्या वेळी हयात होत्या आणि पेडर रोडवरच्या प्रभुकुंजात राहत होत्या. तो पत्ता सगळ्या देशाला माहीत होता. विचारायचं असतं तर शोधायला लागलं नसतं.

माझं म्हणणं या एका गाण्यापुरतं नाही. जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा नव्या गाण्यात जसाच्या तसा बसवायचा, म्हणजे सॅम्पलिंग करायचं, तर गाण्याच्या मालकाला विचारून भागू नये. ज्याचा आवाज आहे त्यालाही विचारावं, त्याचं नाव नव्या गाण्यावर यावं आणि पैशातला वाटा त्याच्यापर्यंत पोचावा. गीतकार, संगीतकार, निर्माता, कंपनी यांचे हक्क कायद्याने बऱ्यापैकी सांभाळले आहेत. गायक मात्र अजूनही त्या पंगतीत शेवटच्या पानावर बसतो.

यावर लगेच येणारा प्रतिसाद ओळखीचा आहे: ‘सरळ चोरीच ती, बंदच करा.’ मला हे पटत नाही. सॅम्पलिंग ही कला आहे. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये वाद्यं विकत घेण्याची ऐपत नसलेल्या पोरांनी घरातल्या जुन्या तबकड्यांनाच वाद्य केलं, त्यातून हिप-हॉप उभं राहिलं. आणि उचलेगिरीबद्दल बोलण्याचा नैतिक अधिकार आपल्याला फारसा नाहीच. खुद्द बप्पीदांच्या ‘प्यारा दुश्मन’मधलं ‘हरि ओम हरि’ ऐका आणि त्याच्या वर्षभर आधी गाजलेलं इरप्शन या ब्रिटिश गटाचं ‘वन वे तिकीट’ ऐका, पुढे काही सांगायची गरज पडणार नाही. तेव्हा कोणी लंडनहून मुंबईत दावा ठोकायला आलं नाही, म्हणून ते विसरलं गेलं एवढंच.

अमेरिकेत हा सगळा मामला बदलला तो डिसेंबर 1991 मध्ये. बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओ’सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरला होता. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या ‘तू चोरी करू नकोस’ या आज्ञेने केली. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याला आधी परवानगी आणि पैसे हा रिवाज पडला. ज्यांच्याकडे पैसा आणि वकील होते त्यांचं सॅम्पलिंग चालू राहिलं आणि गल्लीतल्या पोरांचं अडलं, ही तक्रार खरी आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की हे पैसेही बहुतेक वेळा वाजवणाऱ्या-गाणाऱ्यापर्यंत पोचले नाहीत. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला क्लाइड स्टबलफिल्डचा काही सेकंदांचा ड्रमचा तुकडा हिप-हॉपमध्ये अगणित वेळा वापरला गेला. गाणं त्याच्या नावावर नव्हतं, त्यामुळे कायद्याच्या हिशेबात त्याला शून्य. हात त्याचा, ताल त्याचा, पण कागदावर नाव दुसऱ्याचं.

गळ्याच्या बाबतीत हे आणखी बोचतं, कारण आवाज म्हणजे माणूसच. 1989 मध्ये ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाचं पहिलंच एकल गाणं ‘राइड ऑन टाइम’ ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्यातला गळा लोलिएटा हॉलोवे या कृष्णवर्णीय सोल गायिकेचा होता, तिच्या 1980 च्या ‘लव्ह सेन्सेशन’मधून उचललेला. टीव्हीवर मात्र त्या आवाजावर एक सडपातळ मॉडेल ओठ हलवत होती. स्वतःचाच आवाज दुसऱ्या बाईच्या तोंडातून बाहेर पडताना पाहून हॉलोवेबाईंना काय वाटलं असेल, ते सांगायला कल्पनाशक्ती फार ताणावी लागत नाही. वकील आले, तडजोड झाली, आणि त्या गाण्याची दुसऱ्या गायिकेकडून नव्याने गाऊन घेतलेली आवृत्तीही निघाली.

आता दोन वर्षं पुढे या. 1991 मध्ये मार्की मार्क अँड द फंकी बंच यांचं पहिलं गाणं आलं, ‘गुड व्हायब्रेशन्स’. त्यातही हॉलोवेच, त्यातही तेच ‘लव्ह सेन्सेशन’. या वेळी मात्र गाण्यावर तिचं नाव छापलेलं होतं आणि व्हिडिओमध्ये ती स्वतः होती. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तोच गळा, तीच तबकडी, दोन्हींकडे पदार्पणाचं गाणं. नाव दिल्याने मार्की मार्कच्या यशात काडीचीही घट झाली नाही. नाव लपवण्यामागे धंद्याचं काही कारण असतं हा समज इथेच गळून पडायला हवा. उरतो तो निव्वळ बेफिकीरपणा, आणि मॉडेलच्या बाबतीत तर त्याहून वाईट काहीतरी.

‘मग समोरचा नाही म्हणाला तर?’ हा खरा अवघड प्रश्न आहे. गायकाला विचारायचं म्हटलं की नकार ऐकण्याची तयारी हवी. इथे मला गॅब्रिएलचं उदाहरण फार बोलकं वाटतं. लंडनच्या हॅकनी भागातल्या या मुलीचं पहिलं गाणं ‘ड्रीम्स’. 1991 च्या सुमारास त्याच्या थोड्या प्रती निघाल्या तेव्हा त्यात ट्रेसी चॅपमन या अमेरिकी गायिकेच्या ‘फास्ट कार’ या 1988 च्या गाण्याचा तुकडा होता. नाचाच्या क्लबांमध्ये तो लोकांना आवडलाही. पण हक्कांचा पेच सुटेना, त्यामुळे तसं गाणं बाजारात आणणं शक्य नव्हतं. शेवटी तुकडा काढून टाकला आणि गाणं नव्याने ध्वनिमुद्रित केलं. 1993 च्या जूनमध्ये ते ब्रिटनच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर आलं आणि मग तीन आठवडे पहिल्यावर राहिलं. पुढच्या वर्षी तिला नवोदितांसाठीचं ब्रिट पारितोषिक मिळालं. सोल आणि पॉप यांच्या मधल्या वाटेवरचा तिचा किंचित खरखरीत, उबदार गळा लोकांना हवा होता. चॅपमनबाईंच्या गिटारीवाचून त्याचं काही अडलं नाही. उलट उसनं काढून घेतल्यावर तिचं स्वतःचं जास्त उठून दिसलं, असं माझं मत आहे. (जुनी आवृत्ती ऐकलेले काही जण हे मान्य करणार नाहीत. त्यांनी भांडावं.) आणि हीच गॅब्रिएल 2000 मध्ये ‘राइज’ घेऊन आली तेव्हा त्यात बॉब डिलनच्या गाण्याचा आधार होता. या वेळी रीतसर परवानगी होती, गीतकारांत डिलनचं नाव होतं, आणि गाणं पुन्हा पहिल्या क्रमांकावर. एकदा अडलं, एकदा मिळालं, दोन्ही वेळा गाणं जगलं.

चॅपमन आपल्या गाण्यांचे तुकडे सहसा कोणाला वापरू देत नाहीत. निकी मिनाज या रॅपरने परवानगी मागितली, नकार मिळाला, तरीही चॅपमनबाईंचा आधार घेतलेलं तिचं गाणं रेडिओवर वाजलं. 2018 मध्ये चॅपमनबाईंनी दावा लावला आणि 2021 च्या जानेवारीत साडेचार लाख डॉलर घेऊन तो मिटला. त्या दाव्यात न्यायाधीशांनी मधल्या टप्प्यावर एक फार शहाणी गोष्ट सांगितली होती: स्टुडिओत बसून दुसऱ्याच्या गाण्याशी खेळून पाहणं हा गुन्हा नाही. कलाकाराने आधी करून बघावं आणि मग परवानगी मागावी, ही पद्धत चालू राहिलीच पाहिजे. म्हणजे खेळा, तोडा, जोडा, पण बाजारात आणण्याआधी विचारा. परवानगीच्या सक्तीने प्रयोग मरतो या आक्षेपाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आता आपल्याकडे वळू. ज्या 2002 मध्ये अमेरिकेत लताबाईंचा आवाज न विचारता वाजत होता, त्याच 2002 मध्ये भारतात ‘काँटा लगा’चं रिमिक्स धुमाकूळ घालत होतं. मूळ गाणं 1972 च्या ‘समाधी’मधलं, राहुल देव बर्मन यांचं, गळा पुन्हा लताबाईंचाच. आणि गंमत अशी की हे रिमिक्स कायद्याच्या चौकटीत बसवता येत होतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात अशी सोय होती की गाणं येऊन दोन वर्षं उलटली की मालकाला नोटीस द्यायची, ठरलेली रॉयल्टी भरायची आणि नव्या गायकाकडून तेच गाणं गाऊन घ्यायचं. याच वाटेने ऐंशीच्या दशकात ‘व्हर्शन’ कॅसेटींचा पूर आला. ‘थोड़ा रेशम’सुद्धा अमेरिकेची वारी करून ‘कलियों का चमन’ या नावाच्या रिमिक्समधून परत आलं. म्हणजे परदेशात गळा उचलला, इथे गाणं उचललं, आणि मूळ गायिकेला दोन्हीकडे काहीच म्हणता आलं नाही.

2012 च्या दुरुस्तीने ही वाट अरुंद केली. आता पाच वर्षं थांबावं लागतं, आगाऊ रॉयल्टी किमान पन्नास हजार प्रतींच्या हिशेबाने भरावी लागते, आणि गाणं कोणी गायलंय याबद्दल गिऱ्हाइकाची दिशाभूल होईल असं काही छापता येत नाही. चांगलं झालं. पण ही तरतूद शब्द आणि चाल यांच्या मालकांसाठी आहे. मूळ गायक त्या हिशेबात नाही.

गायकाचं नाव पुसलं जाण्याचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. ‘महल’ 1949 मध्ये आला तेव्हा ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, ही गाते कोण? तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव पुढे आलं. त्या काळाला आपण हसतो, पण 2002 मध्ये ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या नावापुढे ट्रुथ हर्ट्स आणि रकीम एवढीच नावं होती.

साठच्या दशकात लताबाईंनी गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. मोहम्मद रफींचं मत उलट होतं: गाण्याचे ठरलेले पैसे मिळाले की आपला संबंध संपला. त्यावरून दोघांत इतकं बिनसलं की काही वर्षं त्यांनी एकत्र गायलंच नाही. रफींचं म्हणणं मला हलक्यात काढायचं नाही. त्यात एक साधा कामगारी प्रामाणिकपणा आहे, घेतलेल्या पैशाचं काम केलं, पुढचं निर्मात्याचं नशीब. निर्माते बुडतही होतेच. पण ते पैसे कशाचे होते? एका चित्रपटासाठी एका दिवशी गायल्याचे. वीस वर्षांनी कोणीतरी त्यातला तुकडा कापून लॉस एंजेलिसमध्ये त्यावर दुसरीच इमारत बांधेल, याचा भाव त्या मानधनात कोणी धरला होता? ज्या वापराची कल्पनाही शक्य नव्हती, त्याचा हक्क विकला गेला असं मानणं मला कायद्याने बरोबर वाटलं तरी न्यायाने वाटत नाही. आणि कंपन्यांच्या मालकीचा दावा तरी दरवेळी पक्का असतो का? ‘आराधना’मधल्या ‘बागों में बहार है’चा चिमूटभर तुकडा एका अमेरिकी रॅपरच्या गाण्यात आला म्हणून सारेगामाने पुन्हा दावा लावला. 2011 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने 1967 चा करार वाचून सांगितलं की या ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीकडे नाहीच. ते द्वंद्वगीत रफी आणि लताबाईंचं होतं. दोघांचं एकमत कधी झालं नाही, आणि दोघांचा आवाज जिथे तोलला जात होता तिथे हक्क सांगणारी कंपनीही मालक निघाली नाही.

कायदा हळूहळू सुधारला, हे कबूल. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने देव आनंद यांच्या खटल्यात नटाच्या कामगिरीला कॉपीराइटचं संरक्षण नाही असं म्हटलं होतं. 1994 च्या दुरुस्तीने कलाकाराचे हक्क पहिल्यांदा मान्य झाले. 2012 मध्ये, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरल्यावर, गायकाला रॉयल्टी आणि आपलं नाव सांगितलं जाण्याचा हक्क, दोन्ही कायद्यात आले. गायकांची संघटना उभी राहिली, लताबाई तिच्या पाठीशी होत्या. पण गोची अशी की लोकांना ज्या गाण्यांचे तुकडे उचलायचे असतात ती सगळी याआधीची. पन्नास ते ऐंशीच्या दशकांतली. जिथे सोनं आहे तिथे कायद्याचा कंदीलच पोचत नाही.

2018 मध्ये जुन्या गाण्यांच्या नव्या अवतारांवरून लताबाईंनी जाहीर पत्र लिहिलं. जुनं गाणं नव्या रूपात आणणं त्यांना वावगं वाटत नव्हतं. राग होता तो मोडतोडीवर आणि मूळ रचनाकारांच्या जागी भलत्यांची नावं लागण्यावर. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, सगळं मिळवून झालेल्या बाईने नावासाठी भांडावं, यातच या प्रश्नाचं वजन आहे.

मग करायचं काय? नाव देण्यासाठी नवा कायदा लागतच नाही. गाणी ऐकण्याच्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये श्रेयनामावलीची जागा असते. ‘मूळ आवाज’ म्हणून गायकाचं नाव तिथे आणि गाण्याच्या शीर्षकाशी टाकायला कंपनीला पाच मिनिटं पुरतात. पैशाचा वाटा जुन्या ध्वनिमुद्रणांनाही लागू करायला मात्र कायदा हवा. नकाराधिकार मी हयात गायकाला देईन, वारसांना देणार नाही. वारसांना पैसा मिळावा, नाव लागावं, पण नातवाच्या मर्जीवर एखादा सूर पन्नास वर्षं कुलूपबंद राहू नये. संगीत वाहतं राहिलं पाहिजे. इथे माझ्याशी मतभेद असणारे पुष्कळ असतील, विशेषतः वारसदार.

एका बाबतीत मात्र वारसांनाही विचारायलाच हवं, ते म्हणजे यंत्राने बनवलेला आवाज. उचललेला तुकडा निदान त्या माणसाने कधीतरी गायलेला असतो. नक्कल केलेला आवाज त्याने न गायलेलं गातो. ए. आर. रहमान यांनी 2024 मध्ये ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज असे वापरले तेव्हा कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला. त्याच वर्षी अरिजित सिंग आणि 2025 मध्ये आशा भोसले यांना आवाजाच्या नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिलं. आवाज ही व्यक्तीची मालमत्ता आहे, हे न्यायालय आता यंत्राच्या संदर्भात म्हणू लागलं आहे. मग खऱ्या आवाजाच्या तुकड्याला ते का लागू नये, याचं उत्तर मला कोणी देत नाही.

आणि हे फक्त मोठ्या नावांपुरतं नाही. आपल्या मिरवणुकांत कोळीगीतं, भीमगीतं, प्रल्हाद शिंदेंच्या आवाजातली गाणी डीजेच्या भिंतींवर वाजतात. दर अर्ध्या मिनिटाला कोणीतरी ओरडतं, डीजे अमुक, डीजे तमुक, मिक्स बाय फलाणा. मूळ गायकाचं नाव एकदाही येत नाही. त्या पोरांना स्वतःच्या नावाची किंमत नेमकी कळते, म्हणून तर ती इतक्यांदा घेतात. कंपन्या म्हणतील, इतके जुने गायक, साथीदार, त्यांची घरं शोधायची कुठे? याच कंपन्या हॉटेलात, लग्नाच्या हॉलमध्ये, रिक्षास्टँडवरच्या गणपतीत आपलं गाणं वाजलं तर परवान्याचे पैसे मागायला पोचतात. पत्ता शोधण्याची यंत्रणा त्यांच्याकडे आहे, ती उलट्या दिशेनेही चालवता येईल.